पितळ उघडं पडलं त्याची गोष्ट

आमच्या लहानपणी चांगल्या वस्तूला दोनच विशेषणं होती. एक घरची आणि दुसरं विलायती. विलायत म्हणजे मुळात नुसता मुलूख, प्रांत. शब्द अरबी-फारसीतून आलेला. पण आमच्या कानाला ‘विलायती’ म्हणजे ‘उत्तम’ असंच ऐकू येई. विलायती सुई, विलायती कात्री, विलायती कापड. अपवाद फक्त विलायती धोतऱ्याचा, त्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

आज लिहायचं आहे ते एका विलायती कॉर्नेटबद्दल. ज्यांनी लग्नाचा ब्रास बँड पाहिलेला नाही अशी नातवंडंही आता हे वाचतात, म्हणून सांगते. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड, गुटगुटीत भाऊ. एका टोकाला माऊथपीस, दुसऱ्या टोकाला भोंगा, मध्ये गुंडाळलेली नळी आणि तीन चाव्या. लग्नाच्या वरातीत गाण्याची चाल हेच वाद्य ओढायचं, बाकीचे त्याच्या मागे.

१९७४ साली मी पोलादपूरच्या शाळेत शिकवत होते. नोकरीला दोनच वर्षं झालेली. गावात एक बँड होता आणि त्या बँडमास्तरांचे दोन मुलगे आमच्याच शाळेत, थोरला सातवीत आणि धाकटा पाचवीत. एका संध्याकाळी बँडमास्तर धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून माझ्या खोलीवर आले. म्हणाले, “बाई, जरा यावरचं इंग्रजी वाचून दाखवा.” आत एक जुनं कॉर्नेट होतं, मुंबईच्या चोर बाजारातून आणलेलं. विकणाऱ्याने विलायती म्हणून सांगितलं होतं आणि बँडमास्तरांनी त्या विश्वासावर चांगले पैसे मोजले होते. भोंग्यावर रुपयाएवढा एक बिल्ला होता, झिजलेला. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, तेही मराठी माध्यमातलं. पहिली ओळ मला धड लागली नाही. खालची मात्र स्पष्ट होती. मी वाचलं, “लंडन.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेत झालं, बाईंनी वाचलं, लंडनचंच आहे.

आता महाड-पोलादपूरच्या मुलखात बँडचा आवाज पारखणारे कान थोडेथोडके नव्हते. हा फौजेचा मुलूख. महाड तालुक्यातल्या एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे, तिथल्या घराघरातून माणसं पलटणीत गेली. खेड्यापाड्यांत पेन्शनर हवालदार, सुभेदार. त्यांनी उमेदीच्या वर्षांत रोज सकाळी पलटणीचा बँड ऐकलेला. लग्नात बँड वाजू लागला की हे लोक ओसरीवर बसून मान हलवत किंवा नाक मुरडत, आणि त्यांचा शब्द शेवटचा. अशाच एका वृद्ध हवालदारांनी ते कॉर्नेट हातात घेतलं, वजन जोखलं, भोंग्यावर नखाने टिचकी मारली, कान लावला आणि निकाल दिला, “अस्सल आहे. देशी पितळेला हा नाद नाही.”

त्या टिचकीबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला. आपण पितळ घेतो ते भांड्यांचं. तांब्या, घंगाळ, समई. तिथे वजनाला किंमत असते आणि टिचकीला अर्थ असतो. देवळातली घंटा तर धातूच वाजते, तिची मिसळ बिघडली की नाद बिघडलाच. आम्ही सगळ्यांनी भांड्याची आणि घंटेची पारख उचलली आणि कॉर्नेटला लावली. पण कॉर्नेटमध्ये पितळ वाजत नाही. वाजते ती आतली हवा. वाजवणाऱ्याचे ओठ थरथरतात, नळीतला हवेचा खांब त्यांना साथ देतो आणि सूर ठरतो तो नळीच्या लांबीवर, आतल्या पोकळीच्या आकारावर. पितळ फक्त भिंत. भिंत चेपलेली नको, गळकी नको, चाव्यांचे पिस्टन आपल्या घरात चपखल बसलेले हवेत. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि हवालदारांनाही नव्हतं. त्यांना लंडन ठाऊक होतं.

हे लंडनचं नाव एवढं मोठं झालं कसं, त्यालाही इतिहास आहे.

शाळेतला बिगुल आठवा. त्याला चाव्या नसतात, म्हणून त्यातून मोजकेच सूर निघतात, सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प. बस्स. यमन काय, साधी आरतीची चालही त्यावर येत नाही. १८१८ साली प्रशियात श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी चावीचं पेटंट घेतलं. चावी दाबली की नळीचा एक जादा तुकडा वाटेत जोडला जातो, नळी लांबते, सूर उतरतो. १८३९ साली पॅरिसच्या पेरिनेने जो पिस्टन बनवला तोच थोड्याफार फरकाने आजही चालतो. पितळी वाद्यांवर पूर्ण गाणं वाजवणं त्यानंतर सोपं झालं आणि युरोपातल्या फौजांनी ती वाद्यं उचलली. इंग्रजांची पलटण जिथे गेली तिथे तिचा बँड गेला. संस्थानिकांनी आपले बँड उभे केले, शहरांत खाजगी बँड निघाले आणि बघता बघता लग्नाच्या वरातीत सनई-चौघड्याच्या शेजारी पितळ येऊन उभं राहिलं.

सुरुवातीला वाद्यं येत ती बाहेरूनच. तेव्हा ‘विलायती’ हे वर्णन होतं, प्रशस्ती नव्हती. दुसरं मिळतच नव्हतं. मग मेरठ आलं. १८८५ साली नादिर अली या फौजेतल्या बँडवाल्याने तिथे दुकान घातलं. आधी वाद्यं मागवून विकायची, आणि १९११ पासून स्वतः बनवायची. त्यांच्या मागोमाग मेरठच्या जली कोठी भागात घराघरातून भोंगे ठोकले जाऊ लागले. पत्रा कापायचा, गुंडाळायचा, सांधा जोडायचा, साच्यावर ठोकून भोंगा फाकवायचा. नळी वाकवताना चेपू नये म्हणून अशा कामात आत राळ किंवा शिसं ओतून भरायचं आणि वाकवून झाल्यावर वितळवून काढायचं. आज देशभरच्या बँडपथकांच्या हातात मेरठचाच माल असतो.

हाताने केलेल्या मालात नग नगासारखा निघत नाही, हे खरं. एखाद्याचा पिस्टन लोण्यासारखा चालतो, दुसऱ्याचा अडतो. पोलादपूरच्या माणसाने काय करावं? मेरठला जाऊन दहा कॉर्नेटं फुंकून एक निवडणं त्याला शक्य नव्हतं. पत्र टाकायचं, मनिऑर्डर करायची, रेल्वेने पार्सल यायचं आणि जे निघेल ते वाजवायचं. अशा वेळी नाव हाच आधार. नावावर जाणाऱ्याला आपण भोळा म्हणतो, पण ज्याला पारखायची संधीच नाही त्याने दुसरं कशावर जायचं? मिरजेचा तंबोरा म्हटलं की आपण डोळे मिटून घेतो, पेटीवाले अजून जर्मन सुरांच्या पेटीसाठी जीव टाकतात. त्या नावांमागे खरी कारागिरी आहेच. फक्त नाव कारागिरीपेक्षा जास्त दिवस जगतं आणि जास्त लांब जातं.

आणि विलायती पितळेच्या बाबतीत आणखी एक गंमत झाली. १९५७च्या सुमारास देशात परकीय चलनाची टंचाई पडली आणि आयातीवर परवान्यांचा कडक पहारा बसला, तो १९९१पर्यंत फारसा सैल झाला नाही. म्हणजे माझ्या अख्ख्या उमेदीच्या काळात नवं विलायती वाद्य लहान गावातल्या बँडला दिसणंही कठीण होतं. जुनी होती ती झिजत गेली, मोडीत गेली. तुलना करायला नग समोर उरला नाही, उरली नुसती आठवण. आणि आठवणीतलं वाद्य कधी बेसूर वाजत नाही.

बँडमास्तरांच्या ‘लंडन’ने मात्र चांगला संसार केला. हो, त्या कॉर्नेटचं नावच लंडन पडलं. “लंडन पुसून ठेव रे”, “लंडनला तेल घाल.” बँडची सुपारी वाढली. विन्हेरे, बिरवाडी, नाते, थेट प्रतापगडाच्या पायथ्यापर्यंत बोलावणी येऊ लागली. महाडला वीरेश्वराच्या छबिन्याच्या दिवसांत थोरला मुलगा ते वाजवत बाजारपेठेतून निघाला की लोक दुकानातून बाहेर येत. मीही गेले आहे. अंगावर काटा आला होता, हे खोटं कसं सांगू?

धाकट्यालाही कॉर्नेटच यायचं. तो खरं म्हणजे जास्त हुशार, एकदा ऐकलेली चाल दुसऱ्यांदा वाजवून दाखवणारा. पण घरात लंडन एकच, आणि ते थोरल्याचं. धाकट्याला मेरठहून नवंकोरं कॉर्नेट मागवून दिलं होतं. वरातीत थोरला चाल घ्यायचा, धाकटा मागून भर घालायचा. एकदा, तो आठवीत असेल, मधल्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन म्हणाला, “बाई, माझ्या बाजाला आवाज नाही.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, “अरे, तुझं वाद्य साधं आहे, त्याला तू काय करणार? तुझा काही दोष नाही त्यात.”

मला वाटलं मी त्याचं सांत्वन केलं.

पुढच्या काही वर्षांत तो वाजवताना बघितलाय मी. फुंक जपून मारायचा. वरचे सूर आले की आधीच मान खाली घालायचा, जणू ते येणारच नाहीत. मग ते यायचे नाहीत. बाप म्हणायचा, “वाद्याचा दोष.” थोरला म्हणायचा, “मेरठचा माल.” १९८८ साली धाकट्याला महाडच्या एमआयडीसीत एका रसायनाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि त्याने कॉर्नेट माळ्यावर टाकलं. घरात कुणाला फार वाईट वाटलं नाही. पगार लागला होता. बँडवाल्याने मांडवाबाहेर उभं राहायचं आणि शेवटच्या पंगतीला जेवायचं, त्यापेक्षा कार्ड पंच करणं बरं, असं त्याची आईसुद्धा म्हणाली. तोवर आमच्या भागात बेंजो पार्ट्यांचा सुळसुळाटही झाला होता. पुढे डीजे आला. ब्रास बँड सुपाऱ्यांसाठी तिष्ठत बसू लागले. बँडमास्तर गेले, थोरल्याने बिऱ्हाड महाडला खालच्या आळीत हलवलं आणि लंडन वर्षातून चार वेळा पेटीतून निघू लागलं.

२२ जुलै २०२१ची रात्र महाडच्या माणसाला विसरता यायची नाही. सावित्री, गांधारी, काळ, सगळ्या एकदम फुगल्या आणि बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच संध्याकाळी तळिये गावावर डोंगर कोसळला. त्या दुःखापुढे वाद्याबिद्याची गोष्ट सांगणंही ओशाळवाणं आहे, पण चिखल उपसताना माणूस हाताला लागेल ते धुतच असतो. थोरल्याच्या घरात पुरुषभर पाणी होतं. माळाही बुडाला. भिजलेल्या पोथ्या, फोटो, गाद्या यांबरोबर चिखलाचे दोन गोळे निघाले, एक लंडन आणि दुसरं माळ्यावरचं धाकट्याचं मेरठ.

आठ-दहा दिवसांनी थोरल्याचा फोन आला. “बाई, येता का? पुन्हा एकदा वाचायचं आहे.”

त्याने चिंच आणि मीठ लावून दोन्ही कॉर्नेटं घासायला घेतली होती. घासता घासता लंडनचा बिल्ला हातात आला. तो बिल्ला भोंग्याचा नव्हताच, कुणीतरी दुसऱ्या कुठल्या तरी मोडक्या वाद्यावरून काढून वरून डाखलेला होता. खाली पितळेवर ठसा होता, खोल आणि स्वच्छ, कारण पन्नास वर्षं त्याला हवाही लागली नव्हती. मी चष्मा पुसला आणि वाचलं. मेरठ.

पितळ उघडं पडणं हा वाक्प्रचार मी शाळेत किमान तीस तुकड्यांना वाक्यात उपयोग करून शिकवला असेल. तो असा समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

थोरला खाली मान घालून बराच वेळ चोळतच राहिला. मग म्हणाला, “मग एवढी वर्षं वाजत होतं ते काय होतं, बाई?”

मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मी कामाला लागले. पुण्याच्या भाच्याने काही पुस्तकं आणि लेख पाठवले, इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की खूण पहिल्यापासून समोर होती, आम्हीच पाहिली नाही. सुरांची उंची सेकंदाला किती कंपनं यावर मोजतात. आज जगभर ज्या सुरावर पाश्चात्त्य वाद्यं जुळवतात तो ४४० कंपनांचा धरलेला आहे. पण इंग्रजांच्या जुन्या पलटणींत तोच सूर ४५२च्या आसपास असायचा, म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर चढा. विलायतेतल्या हौशी पितळी बँडांनी तर हा चढा सूर १९६०च्या दशकापर्यंत सोडला नव्हता. त्याआधी आणखीच अनागोंदी होती. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी, १८५४ साली, राणीच्या वाढदिवसाला स्कुतारी येथे सगळ्या पलटणींनी एकत्र राष्ट्रगीत वाजवलं आणि ज्याचा त्याचा सूर वेगळा निघाला, असं सांगतात. पुढे १८५७ साली लंडनजवळ नेलर हॉल येथे फौजेची संगीतशाळा निघाली ती त्यातूनच.

म्हणजे बँडमास्तरांनी आणलं ते वाद्य खरोखर पलटणीतलं जुनं इंग्रजी असतं तर बहुधा ते बाकीच्या बँडशी जुळलंच नसतं. नळी ओढून ओढून सूर खाली आणावा लागला असता. आमचं लंडन पहिल्या दिवसापासून मेरठच्या क्लॅरोनेटशी आणि मेरठच्याच युफोनियमशी दुधात साखर मिसळावी तसं मिसळलं. आम्ही म्हणालो, बघा, अस्सल वाद्य कसं कुणाशीही जुळतं!

दिवाळीपर्यंत थोरल्याने दोन्ही कॉर्नेटं मुंबईहून दुरुस्त करून आणली. मग आम्ही घरातच एक प्रयोग केला. थोरला आतल्या खोलीत, पडद्याआड. नातवाने नाणं उडवायचं, छापा आला तर लंडन, काटा आला तर मेरठ, आणि बाहेर मी, त्याची सून आणि शेजारचे दोघे. तीच चाल, आठ वेळा. मी आठपैकी तीन बरोबर ओळखली. सुनेची चार बरोबर आली, आणि ती म्हणाली की तिने नुसतं आलटून पालटून लिहिलं होतं. नंतर थोरल्याच्याच डोळ्यांना टॉवेल बांधला. त्याने मात्र वाद्य हातात घेताक्षणी ओळखलं, ओठाला लावायच्या आत. पन्नास वर्षांची सवय, चाव्यांवरचं बोटांचं झिजलेलं घर. आमचा प्रयोग तिथेच बसला.

ही अडचण मोठमोठ्यांनाही आलेली आहे. रिचर्ड स्मिथ हे विलायतेतले पितळी वाद्यांचे रचनाकार. १९८०च्या दशकात त्यांनी ट्रॉम्बोनचे सारख्याच आकाराचे पण वेगवेगळ्या जाडीच्या पत्र्याचे भोंगे करवून घेतले आणि लंडनमधल्या नामांकित वादकांना डोळे बांधून वाजवायला दिले. वजनावरून ओळखू नये म्हणून तोलही सारखा करून घेतला होता. एरवी पत्र्याच्या जाडीवर तासभर बोलू शकणाऱ्या त्या मंडळींना एकही भोंगा खात्रीने ओळखता आला नाही. २०१० साली अमेरिकेत क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस व्हायोलिनवादकांना अंधूक खोलीत काळे चष्मे लावून तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिनं दिली. जुन्यांत दोन स्त्रादिव्हारीची होती. जुन्या लाकडाच्या वासावरून ओळख पटू नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तरसुद्धा लावलं होतं. बहुतेकांना नवं व्हायोलिन आवडलं, आणि सगळ्यांत नावडतं ठरलं ते एक स्त्रादिव्हारी.

वाचून आधी मला बरं वाटलं. लंडनचे वादक आणि पोलादपूरची मंडळी एकाच माळेचे मणी. पण थोरल्याचा प्रश्न तसाच राहिला. वाजत होतं ते काय होतं? कारण छबिन्याला माझ्या अंगावर आलेला काटा खरा होता.

मला असं वाटतं की त्या पोराचा आवाज खरोखरच चांगला होता, आणि तो चांगला होण्यात त्या खोट्या बिल्ल्याचा मोठा हात होता. हे वाद्य मला दगा देणार नाही असं वाटलं की माणूस छाती भरून दम घेतो, सुराला थेट जाऊन भिडतो. पितळी वाद्यात फुंक बदलली की आवाज बदलतोच. त्यात भासाचा काही भाग नाही. आणि दुसरी गोष्ट साधी, घरगुती. लंडनला रोज मऊ फडकं, पिस्टनला दर आठवड्याला तेल, चांगलं माऊथपीस होतं तेही लंडनलाच. मेरठ खुंटीला टांगलेलं. मुंबईच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की धाकट्याच्या कॉर्नेटची मधली चावी हवा सोडते आहे, आणि ती पुराने नव्हे, फार जुनी झीज आहे. गळणाऱ्या चावीने वरचे सूर कसे लागणार? नवं आलं तेव्हा ते तसं होतं का, की तेलावाचून कोरडं चालून झिजलं, हे आता कोण सांगणार? पण थोरल्याच्या वाद्यात तोच दोष असता तर दुसऱ्या दिवशी मुंबईला नेलं असतं. धाकट्याच्या वाद्यात तो आहे की नाही हे पाहायचीही गरज कुणाला वाटली नाही. मेरठचंच ते.

पुण्याचा प्रभात ब्रास बँड १९३८पासून वाजतो आहे. गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत सोलापूरकरांचा बँड म्हटला की लोक वाट बघत थांबतात. त्यांच्या हातातली वाद्यं कुठल्या गावची, हे मी तरी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही. तिथे नाव वाजवणाऱ्यांचं झालेलं आहे. आमच्याकडे ते भोंग्याला चिकटलं, आणि भोंगा एकालाच मिळाला.

धाकटा आता निवृत्त झाला आहे. दिवाळीनंतर तो थोरल्याकडे आला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. बिल्ला चहाच्या बशीत ठेवलेला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला, काही बोलला नाही. मी मनाशी पुष्कळ तयारी करून आले होते, ती सगळी विसरले. एवढंच म्हणाले, “मी चुकीचं वाचलं रे तेव्हा.”

तो म्हणाला, “नाही बाई, तुम्ही बरोबरच वाचलं होतं. त्याच्यावर लिहिलेलंच तसं होतं.”

मग आठवीतल्या त्या मधल्या सुट्टीची गोष्ट मी काढली. त्याला ती आठवतच नव्हती, किंवा आठवत नाही असं तो म्हणाला. थोरल्याने लंडन उचलून त्याच्या हातात दिलं. त्याने ते मांडीवर ठेवलं, तिन्ही चाव्या एकेक करून दाबून पाहिल्या, आणि दुसऱ्या हाताने आपलं जुनं ओढून घेतलं. त्याची मधली चावी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

“मशीनचं तेल आहे का घरात?” त्याने वहिनीला विचारलं.